पुलावरचा रियाज

जॅझ हे काही आमच्या पिढीतल्या मराठी शाळामास्तरांचं संगीत नव्हे. पण निवृत्तीनंतर कानांना सवड मिळाली आणि सॅक्सोफोनवाल्या सनी रॉलिन्सची गोडी लागली. त्यातही त्याचा १९६२ चा 'द ब्रिज' हा अल्बम माझा विशेष आवडता.

१९५९ साली हा गृहस्थ अठ्ठावीस वर्षांचा होता. नाव झालेलं, कार्यक्रम भरपूर. आणि याने जाहीर वाजवणंच बंद केलं! का? तर लोक म्हणतात तितकं चांगलं आपल्याला वाजवता येत नाही, असं त्याला स्वतःला वाटत होतं. न्यूयॉर्कमधलं घर लहान, शेजारची बाई गरोदर. तिला त्रास नको म्हणून स्वारी विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवू लागली. बाजूला आगगाड्यांचा खडखडाट, खाली नदीत बोटी, हिवाळ्यात कडाक्याची थंडी... असा दोन वर्षांहून जास्त रियाज!

१९६१ च्या अखेरीस तो परतला आणि पुढच्या वर्षी अल्बम आला. मधल्या काळात ऑर्नेट कोलमनने जॅझची घडीच विस्कटून टाकली होती. रॉलिन्स त्याहून अचाट काही घेऊन येणार, अशी लोकांची अपेक्षा. याने पियानोऐवजी जिम हॉलची गिटार घेतली खरी, पण गाणी बरीचशी जुनीच. पहिलंच 'विदाउट अ साँग' १९२९ चं! काही समीक्षक हिरमुसले. एवढं करून हेच?

मला मात्र यात नवल वाटत नाही. सुट्टीभर कित्ता गिरवलेला मुलगा जूनमध्ये निराळं अक्षर घेऊन येत नाही. अक्षर तेच असतं, फक्त हात स्थिर झालेला असतो. 'व्हेअर आर यू' ऐकताना तो स्थिर हात जाणवतो. कुठे घाई नाही, काही सिद्ध करायचं नाही. आज हा अल्बम त्याच्या महत्त्वाच्या कामात गणला जातो.

आणि गडी एवढ्यावर थांबला नाही बरं का! १९६८ च्या सुमारास आपल्या पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला. पुढे पुन्हा काही वर्षं वाजवणं बंद, मग पुन्हा हजर.

सत्तरी उलटल्यावर मी पेटी शिकायला घेतली, हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. "कार्यक्रम कधी?" असं प्रत्येक जण विचारतो. कार्यक्रम नाही. यमनातला तीव्र मध्यम हल्ली बोटाला न शोधता सापडतो, एवढीच बातमी आहे.