अजून वाचायची आहे

गेल्या आषाढात मी माझ्या पत्नीजवळ एक जुना गुन्हा कबूल केला. गुन्हा जवळजवळ पन्नास वर्षांचा होता. टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांती’ ही कादंबरी मी वाचलेली नाही, हा तो गुन्हा. आता, ती कादंबरी न वाचलेली माणसे जगात पुष्कळ आहेत आणि त्यांना रात्री झोपही चांगली लागते. पण माझी गोष्ट निराळी आहे. ती वाचली आहे असे सांगून मी लग्न केले आहे.

1977 साली मी मुलगी पाहायला गेलो. पोहे झाले, चहा झाला, आणि “तुम्हां दोघांना काही विचारायचं असेल तर विचारून घ्या,” असे म्हणून वडीलधारी मंडळी उगाचच खिडकीबाहेर पाहू लागली. मी काय विचारावे याची जुळवाजुळव करीत होतो, तोच मुलीने मान वर करून मला विचारले, “आपण काय वाचता?” मी त्या काळी वर्तमानपत्र वाचीत असे, आणि तेही शेवटच्या पानावरच्या क्रिकेटपासून. तिने मात्र हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ चार वेळा वाचली होती. चार वेळा! माझा पुरुषार्थ जागा झाला. कॉलेजात एका प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलेले सर्वांत लठ्ठ नाव मला आठवले आणि मी ते सांगून टाकले. “पुरी वाचलीत?” तिने विचारले. “दोनदा,” मी म्हणालो. त्या क्षणी तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी जो आदर दिसला, तो पुढे माझ्या कोणत्याही खऱ्या कर्तृत्वाने मला मिळवता आला नाही.

हे कर्ज फेडून टाकण्याचा माझा हेतू प्रामाणिक होता. लग्नानंतर पंधरा दिवसांतच मी मुंबईला फाउंटनजवळच्या फुटपाथवरून त्या पुस्तकाची एक जुनी प्रत विकत घेतली. अनुवाद लुइस आणि एल्मर मॉड या दाम्पत्याचा होता. रशियात राहिलेले आणि टॉलस्टॉयला ओळखणारे हे इंग्रज नवराबायको. त्यांचा हा अनुवाद 1922-23 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. पुस्तक उघडले तो काय, 1805 सालचा जुलै महिना, पीटर्सबर्गमधला एका थोर बाईचा दिवाणखाना, आणि पाहुण्यांवर पाहुणे येताहेत! एकेका पाहुण्याला तीन तीन नावे. मी तीन वेळा त्या दिवाणखान्यात शिरलो आणि तिन्ही वेळा दाराशी जोडे शोधून परत आलो. बाहेर नेपोलियन युरोप तुडवीत होता, पुढे बोरोदिनोची लढाई व्हायची होती, मॉस्को जळायचे होते. पण या सगळ्याला त्या दिवाणखान्याच्या पलीकडच्या दारातून जावे लागते, आणि ते दार मला सापडले नाही.

न वाचलेल्या पुस्तकाची मौज काही और असते, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. कपाटात वरच्या फळीवर एखादे मोठे पुस्तक असावे, सुटीत वाचू, पावसाळ्यात वाचू, पेन्शन घेतल्यावर वाचू, असे म्हणत ते ठेवून द्यावे. घरात साखरेचा डबा भरलेला असला म्हणजे बिनसाखरेचा चहासुद्धा कडू लागत नाही, तसे या पुस्तकाने पुढचे दिवस गोड होतात. पण हे सुख माझ्या नशिबी नव्हते. ‘वाचली आहे’ असे एकदा सांगितल्यावर ‘वाचायची आहे’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार? एका थापेने मी वाचल्याचे सुख मिळवले नाहीच, वर न वाचल्याचेही सुख घालवून बसलो.

आणि तेवढ्यावरच भागले नाही.

1984 च्या पावसाळ्यात, आमच्या मुलीच्या वेळी, डॉक्टरांनी पत्नीला अंथरुणातून उठायचे नाही असे बजावले. “तुमचं ते पुस्तक द्या पाहू काढून,” ती म्हणाली. मी दिले. दीड महिन्यात तिने ते वाचून संपवले. दिव्याच्या बाजूला कुशीवर वळून, उशीला पुस्तक टेकवून ती वाचीत असे. कधी एकटीच हसे. “तुम्हांला कोण आवडलं?” असे तिने एकदा विचारले. “नताशा,” मी म्हटले, कारण एवढे एकच नाव मला खात्रीने ठाऊक होते. एका रात्री मला जाग आली. दोन वाजून गेले असावेत. पुस्तक छातीवर उपडे ठेवून ती रडत होती. “काय झालं?” मी घाबरून विचारले. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “काही नाही. तुम्हांला माहीतच आहे.”

मी “हं” म्हटले आणि कूस बदलली.

कोणासाठी ती रडली, हे मला त्या रात्री विचारता आले नाही. नंतरही आले नाही. पुस्तक संपल्यावर तिने विचारले, “शेवट आवडला का हो तुम्हांला?” मी म्हणालो, “वा! शेवटची लढाई काय रंगवली आहे!” ती माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग त्या पुस्तकाचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

आता तिला अक्षर दिसत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेला आहे. कडेकडेचे दिसते, पण जिथे पाहावे तेवढेच नेमके पुसून जाते. घरात ती बिनचूक वावरते, पण वर्तमानपत्राचा मथळासुद्धा तिला वाचता येत नाही. मुलीने मोबाइलवर पुस्तके ऐकण्याची सोय करून दिली. टॉलस्टॉयची ही कादंबरीही त्यात आहे. तिचे वाचन साठएक तास चालते. पत्नीने ते थोडे ऐकले आणि बंद केले. म्हणाली, “त्या माणसाला मध्येच थांबवून त्याच्याशी बोलता येत नाही.”

आषाढात एका दुपारी ती बोटांनी चाचपून डाळिंब्या सोलत बसली होती. बाहेर धो धो पाऊस लागला होता. ती म्हणाली, “तो टॉलस्टॉय पुन्हा एकदा भेटावा असं फार वाटतं. तुम्ही वाचून दाखवाल? तुमची तिसरी खेप होईल.”

मी बराच वेळ गप्प राहिलो. मग सगळे सांगून टाकले. पोह्यांपासून फुटपाथपर्यंत.

तिचे हात थांबले नाहीत. “ठाऊक आहे मला,” ती म्हणाली.

“केव्हापासून?”

“शेवटी लढाई नाही हो. गोष्ट संपल्यावर तो ती बाजूला ठेवतो आणि इतिहास कशाने घडतो यावर वाद घालत बसतो. चांगली बारा प्रकरणं! ज्यानं ती वाचली आहेत तो एक तर कौतुक करतो नाही तर कुरकुर करतो. तुम्ही दोन्ही केलं नाहीत.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली,” ती म्हणाली. “मग मुलगी झाली, आणि राहूनच गेलं.”

मला वाईट वाटले, हे खरेच. पण त्याच रात्री पुस्तक खाली काढून त्याच्यावरची धूळ पुसताना निराळेच काही जाणवले. मी एकाएकी श्रीमंत झालो होतो. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला ‘युद्ध आणि शांती’ अजून वाचायची आहे! आणि आता हे मी उघड म्हणू शकत होतो.

दिवाळीच्या पाडव्याला आरंभ करायचा असे आम्ही ठरवले आहे. माझे दोन्ही मोतीबिंदू काढून झाले आहेत, चष्मा नवा आहे. या कादंबरीची प्रकरणे 361 आहेत. बहुतेक लहान, वाचायला दहाएक मिनिटांची. रोज रात्री जेवणानंतर एक. आपल्या पंचांगाचे वर्ष 354 दिवसांचे, अधिक महिना आला तर 384 चे. अधिक महिना नसला तर सात प्रकरणे उरतील, असे मी चिंतेने म्हणालो. ती म्हणाली, “शेवटचे बारा तर निबंधच आहेत. ते तुम्ही मनात वाचलेत तरी चालेल. गोष्ट पुढच्या दिवाळीच्या आत संपते.” निबंध लिहिणाऱ्या माणसाला हे बोलणे लागायला हवे होते, पण सध्या माझी बाजू लंगडी आहे.

तयारीही चालली आहे. पात्रांची नावे मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत आहे आणि ती मला सांगते आहे. ती तीन तीन नावे आता तितकीशी परकी वाटत नाहीत. आपणही नावापुढे वडिलांचे नाव लावतोच की! इल्याची मुलगी म्हणून नताल्या इल्यिनिच्ना, आणि तीच घरात नताशा. हे मला पंचविसाव्या वर्षी कोणी सांगितले असते तर! विचारले असते तर शेजारच्या उशीवरूनच कळले असते. टॉलस्टॉयने 1865 मध्ये मासिकातून ही कथा छापायला सुरुवात केली आणि 1869 मध्ये ती पुरी झाली. या काळात त्याची ती खोडाखोडीची पाने त्याची बायको सोफिया पुन्हा पुन्हा स्वच्छ उतरून काढीत असे. त्या घरात तरी पुढे काय होणार, हे नवऱ्याच्या मागोमाग बायकोला कळत होते. आमच्या घरात ते उलटे झाले आहे, इतकेच.

लहानपणी आमच्या घरी चातुर्मासात आजोबा ‘पांडवप्रताप’ वाचीत. चौसष्ट अध्यायांची पोथी. ऐकायला येणाऱ्या बायकांना अभिमन्यूचे काय होणार हे पाठ होते, तरी त्या दर वर्षी तितक्याच उत्सुकतेने येत, आणि तो अध्याय जवळ आला म्हणजे आधीपासूनच पदर हातात धरून बसत. पोथीचे पान उलटताना आजोबांना त्यांच्याकडे पाहून कळत असे की, आता ते आले. तेव्हा मला याचे हसू येई. पुढचे ठाऊक असलेल्या माणसालाही वाट पाहता येते, हे मला तेव्हा उमगले नव्हते.

मी पत्नीला एकच गोष्ट विचारली. “त्या रात्री तू रडलीस, ते कोणतं प्रकरण?”

“सांगणार नाही,” ती म्हणाली. “वाचा म्हणजे कळेल.”

म्हणून मी वाट पाहतो आहे. बोरोदिनोची नव्हे, मॉस्कोच्या आगीची नव्हे. कधी तरी माघात किंवा वैशाखात, एखाद्या साध्याच रात्री, मी वाचीत असेन आणि समोरून हुंकार यायचा थांबेल. मी चष्म्यावरून पाहीन. तिचा पदर हातात आलेला असेल. मग मी पुस्तक मांडीवर उपडे ठेवीन आणि तिला विचारीन, “काय झालं?”

आणि या खेपेस उत्तर ऐकायला जागा राहीन.