पुरे केव्हां म्हणावें?

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या सहकुटुंब पुण्याहून पारोळ्यास आला आणि पाडव्याच्या सकाळीं, फराळाचीं ताटें पुढें असतांनाच, त्यानें जाहीर केलें कीं आपण पंचेचाळिसाव्या वर्षीं नोकरी सोडणार. मुलाचें वय चौतीस. संगणकाच्या एका मोठ्या कंपनींत काम, पगार आमच्या अखेरच्या पगाराच्या कितीतरी पट. आमच्या धाकट्या बंधूंनीं हातांतली चकली ताटांत परत ठेविली. आमच्या सौभाग्यवतींनीं हळूच विचारलें, "कां रे, साहेबाशीं कांहीं बिनसलें का?" तो हंसला. "नाहीं ग काकू, बिनसण्याआधींच निघायचें आहे."

आम्हीं आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकविलें. 'निवृत्ति' हा शब्द आमच्या कानाला 'प्रवृत्ती'च्या जोडीनेंच ऐकूं येतो. मनूनें गृहस्थाला वनाची वाट धरण्याची जी खूण सांगितली आहे, ती वर्षांच्या आंकड्याची नाहीं. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पिकलेले केस आणि अपत्याचें अपत्य दृष्टीस पडलें म्हणजे निघावें, असें तो म्हणतो. पुतण्याचे केस कानशिलापाशीं पिकूं लागले आहेत हें खरें, पण तो दोष पुण्याच्या पाण्याचा असावा. बाकीच्या दोन खुणा अजून दूर आहेत. तेव्हां आम्हीं त्यास ओट्यावर बसविलें आणि म्हटलें, "तुझें गणित मांड."

त्याचें गणित असें. नवराबायकोचा खर्च महिना ४०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४,८०,०००. त्याच्या पंचवीसपट, म्हणजे १,२०,००,००० रुपये गांठीं असले कीं चाकरीची गरज संपली. हा पंचविसाचा आंकडा अमेरिकेहून आलेला आहे. तेथील विल्यम बेंगेन नांवाच्या एका अर्थसल्लागारानें १९९४ सालीं मागील अनेक वर्षांचे बाजारभाव तपासून असें दाखविलें कीं, पहिल्या वर्षीं पुंजीचा सुमारें चार टक्के भाग खर्चास काढावा, पुढें महागाई वाढेल तशी ती रक्कम वाढवीत जावी, तर पुंजी तीस वर्षें तरी पुरते. चार टक्के म्हणजेच पंचविसावा भाग. गुणाकारांत चूक नव्हती. परंतु हिशेब तीस वर्षांचा होता व महागाई अमेरिकेची होती. पंचेचाळिसाव्या वर्षीं घरीं बसणाऱ्याला येथल्या महागाईंत चाळीस वर्षें सहज काढावीं लागतील. हें त्यालाही कळत होतें, आणि म्हणूनच त्याला आमच्या वह्या पाहावयाच्या होत्या.

१९७९ सालच्या जूनमध्यें आम्ही शाळेंत लागलों, त्या महिन्यापासूनचा घरचा जमाखर्च आम्हीं लिहून ठेविला आहे. दर वर्षाची एक वही, लाल कापडी पुठ्ठ्याची. माडीवरच्या लांकडी पेटींतून त्या खालीं काढल्या आणि आम्ही दोघे सलग तीन दुपारी त्या चाळीत बसलों. आमचें घर किल्ल्याच्या खंदकापासून हांकेच्या अंतरावर आहे. दुपारीं तिकडचीं कबुतरें सोडलीं तर दुसरा आवाज नसतो. हिशेबाला अशी शांतता बरी.

पहिल्यानें त्यानें महागाई शोधून काढली. १९९५ सालीं घरचा महिन्याचा खर्च सरासरी ३,१०० रुपये होता, २००७ सालीं ६,४००, आणि २०१९ सालीं १३,९००. माणसें तींच, किंबहुना मुली सासरीं गेल्यानें कमीच. बहात्तराला महागाईच्या दरानें भागावें म्हणजे किती वर्षांत खर्च दुप्पट होतो तें कळतें, हें आम्ही वर्गांत शिकवीत असूं. सहा टक्क्यांनीं बारा वर्षें येतात. वहीनें तें बारांचें उत्तर आंकड्यांत उभें करून दाखविलें. म्हणजे पुतण्याचे आजचे चाळीस हजार त्याच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं पाऊण लाखाच्या घरांत जाणार, आणि सत्तावन्नाव्या वर्षीं दीड लाखाच्या. त्यानें हें गृहीत धरलें होतें, पण मासिक खर्चाच्या ओळी एकाखालीं एक वाचून तो जरा वेळ गप्प राहिला.

मग छोट्या छोट्या गोष्टी. १९८४ सालीं शाळेंतल्या तिघां सहकाऱ्यांनीं स्कूटरची नोंदणी केली. आम्हीं सायकलच ठेविली. शाळा पायींसुद्धां पाव तासाची, स्कूटर घेऊन जावयाचें तरी कोठें? तें वांचलेलें आम्हीं पोस्टांतल्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यांत टाकूं लागलों. १९८६ पासून २००० सालच्या आरंभापर्यंत त्या खात्यास बारा टक्के व्याज होतें. सहा वर्षांत रक्कम दुप्पट. पुढें दर उतरत उतरत एप्रिल २०२० मध्यें ७.१ टक्क्यांवर आला, म्हणजे दुप्पट व्हावयास दहा वर्षें. आमच्या संचयांत शहाणपण थोडें आणि बारा टक्के पुष्कळ, हें पुतण्यास सांगणें भाग होतें. गहूं, ज्वारी, तुरीची डाळ सुगीच्या भावानें वर्षाची भरून ठेवावयाची. वर्तमानपत्र शेजाऱ्यांशीं निमें-निमें. सकाळीं त्यांच्याकडे, दुपारीं आमच्याकडे. चहा घरचा. यांतलें कांहींच अवघड नव्हतें, कारण चारी बाजूंचे लोक तसेच राहत होते. पुण्यांत जेथें दर शुक्रवारीं मित्रमंडळी उपाहारगृहांत जमते तेथें एकट्यानें 'मला नको' म्हणणें अधिक कठीण असणार, हें आम्ही मान्य करतों.

एका ओळीपाशीं मात्र तो थबकला. १९८५ च्या जुलैपासून जमेच्या बाजूची 'खाजगी शिकवणी' ही बाब एकाएकीं नाहींशी झाली आहे. त्यानें कारण विचारलें. कारण एवढेंच, कीं त्या वर्षीं आम्हीं बसून पाहिलें तों पगारांत घर चालत होतें आणि थोडें मागें पडत होतें. संध्याकाळ विकावयाची गरज उरली नव्हती. त्या संध्याकाळीं आम्हीं कालिदास पुन्हां वाचला, आणि दोन मुलांना फुकट शिकविलें. "म्हणजे काका, तुम्ही सव्विसाव्या वर्षींच अर्धे निवृत्त झालां होतां कीं!" असें तो म्हणाला. आम्हांला हें आजवर सुचलें नव्हतें.

पण फुशारकी मारावी असें आमचें चरित्र नाहीं. आमच्या काटकसरीच्या पाठीमागें पेन्शनची भिंत होती. महाराष्ट्रांत १ नोव्हेंबर २००५ पासून जे नोकरीस लागले त्यांना ती जुनी पेन्शन मिळाली नाहीं, आणि पुतण्यासारख्या खाजगी नोकरांना ती कधींच नव्हती. शिवाय २००६ सालच्या वहींत एक काळी ओळ आहे. दोन टक्के व्याज अधिक म्हणून ६०,००० रुपये आम्हीं जिल्ह्यांतल्या एका पतसंस्थेंत ठेविले. दीड वर्षांत तिचें दार बंद झालें. आठ वर्षें हेलपाटे घालून हातीं आले ११,०००. बँकेंतल्या ठेवीस विम्याचें संरक्षण असतें. १९९३ पासून तें एका लाखापर्यंत होतें, फेब्रुवारी २०२० मध्यें पांच लाखांपर्यंत झालें. पतसंस्थेच्या ठेवीस तें नाहीं, हें आम्ही मॅट्रिक झालेले, मुलांना चक्रवाढ व्याज शिकविणारे मास्तर विचारावयास विसरलों. वर्षाचे बाराशें रुपये जादा मिळावे म्हणून एकूणपन्नास हजार घालविले.

तिसऱ्या दुपारीं १९९६ ची वही निघाली. नोव्हेंबरांत जमेच्या बाजूस ओळ होती: 'अण्णांचे अमळनेर कंपनीचे ३२० शेअर विकून.'

येथें अमळनेरची हकीकत सांगितली पाहिजे. अमळनेर आम्हांस एस. टी.नें तासाच्या आंतलें. १९४५ सालीं महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनीं तेथें वनस्पति तुपाच्या धंद्यासाठीं 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली. गांवांतल्या साध्यासुध्या लोकांनींही तिचे शेअर घेतले. १९६६ सालीं संस्थापक वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेंतलें शिक्षण टाकून परत आले. तुपासाबणाची ती कंपनी पुढें संगणकाच्या धंद्यांत शिरली, आणि विप्रो या नांवानें आज सर्वांस ठाऊक आहे. ज्यांनीं कागद पेटींतच राहूं दिले तीं अमळनेरचीं कुटुंबें कोट्यधीश झालीं. आमचे वडील, अण्णा, यांनींही थोडे शेअर घेऊन ठेविले होते, आणि बोनस मिळत मिळत ते ३२० झाले होते.

पुतण्यास ही कंपनी तोंडपाठ होती. त्यानें कागद ओढला. १९९७ सालीं एका शेअरमागें दोन बोनस, म्हणजे एकाचे तीन. १९९९ सालीं प्रत्येकाचे पांच भाग, पंधरा. २००४ सालीं पुन्हां एकामागें दोन, पंचेचाळीस. २००५ सालीं एकास एक, नव्वद. २०१० सालीं तिनांमागें दोन, दीडशें. २०१७ सालीं एकास एक, तीनशें. २०१९ सालीं तिनांमागें एक, चारशें. २०२४ सालीं पुन्हां एकास एक, आठशें. एकाचे आठशें, ३२० चे २,५६,०००. भाव रोज हलतो, पण अडीचशें धरला तरी सहा कोटी चाळीस लाख रुपये! त्याला जी पुंजी अकरा वर्षांत जमवावयाची होती तिच्या पांचपटीहून अधिक, आणि ती या घराच्या पेटींत होती.

"काका, हें विकायची दुर्बुद्धि कोणाला झाली?"

"समोरची खर्चाची बाजू वाच," आम्हीं म्हटलें.

तेथें आमच्याच अक्षरांत लिहिलें होतें: 'चि. बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया, मुंबई. रुग्णालय, प्रवास, औषधें.' बाळ म्हणजे तोच. तेव्हां पांच वर्षांचा. सर्व भागून साडेचारशें रुपये उरले होते.

छातीवरचा व्रण त्याला ठाऊक होता. पैसे कोठून आले हें त्याला कोणी सांगितलें नव्हतें. मुलाच्या जिवाला काय पडलें हें मुलाच्या कानांवर घालूं नये, असा आमच्या घराचा समज. पण वही उघडीच होती तेव्हां आम्हीं राहिलेलेंही सांगून टाकलें. त्या रात्रीं अण्णांनीं शेअर विकण्याचें काढलें तेव्हां आम्हीं म्हणालों होतों कीं अर्धेच विकावे, राहिलेल्यासाठीं आम्ही निधींतून कर्ज काढतों. कागद वाढता आहे. अण्णा म्हणाले, "अडीअडचणीसाठींच घेतले होते ना? मग आणखी कोणत्या अडचणीची वाट पाहतोस?" दुसऱ्या दिवशीं ते स्वतः कागद घेऊन अमळनेरला गेले. आमचा सल्ला हिशेबानें चूक नव्हता. तरी त्याची आठवण झाली कीं आम्हांस अजून मान वर करवत नाहीं. पुतण्यानें तो आंकड्यांचा कागद घडी करून खिशांत ठेविला. पुष्कळ वेळानें म्हणाला, "माझ्या हिशेबांत असा रकानाच नाहीं. मी फक्त आम्हां दोघांचा खर्च धरला आहे."

सौभाग्यवती चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनीं उभ्याउभ्यांच विचारलें, "एवढ्या वह्या पाहिल्यास, माझें नांव सांपडलें का कोठें?" सांपडलें, २०११ च्या वहींत, 'कपडे धुण्याचें यंत्र, घरांतून आग्रहास्तव.' तें यंत्र त्यांनीं प्रथम मागितलें २००२ सालीं. नऊ वर्षें आम्ही 'पुढच्या वर्षीं पाहूं' म्हणत होतों, आणि त्या सात माणसांचे कपडे आडावर धूत होत्या. वर्षाचें धान्य निवडणें, उन्हाळ्यांत बिबडे-पापड घालणें, हें ज्याला आम्ही आमची बचत म्हणत आलों, तें सारें त्यांच्या हातांनीं होत होतें. आज त्यांचे गुडघे जिना चढूं देत नाहींत. पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें. आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

रात्रीं जेवणानंतर आम्हीं त्याला एवढेंच विचारलें, कीं निघाल्यावर दुपारीं दोन वाजतां काय करणार? हा प्रश्न आमचा अनुभवाचा आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षीं शाळा सुटली आणि पहिले सहा महिने दुपारची घंटा कानांत वाजत राहिली. अंगांत सदरा घालून आम्ही उगीच ओट्यावर बसत असूं. लवकर निघणारीं माणसें आपल्याकडे झालीं नाहींत असें नाहीं. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर वीस वर्षें शिकविण्याचें बंधन घेतलें होतें. गोपाळ कृष्ण गोखले त्यांतून १९०२ सालीं मोकळे झाले तेव्हां छत्तीस वर्षांचे होते. साने गुरुजींनीं १९३० सालीं अमळनेरची शाळा सोडली ती सत्याग्रहासाठीं. पंचवीसपट पुंजीचा प्रश्न त्यांना पडलाही नसेल. त्यांना कोठें जावयाचें हें आधीं ठरलें होतें. सर्वांनाच तसें काम असावें असा आमचा हट्ट नाहीं. नुसती झोंप पुरी व्हावी म्हणून निघावें हेंही पुष्कळ झालें. पुतण्या म्हणाला, "खरें सांगूं? सध्यां तरी झोंपच."

तो एस. टी.नें धुळ्याकडे निघाला तेव्हां वह्यांचीं शें-दीडशें पानें त्यानें आपल्या फोनमध्यें टिपून नेलीं होतीं.

संक्रांतीला त्याचा फोन आला. नवा हिशेब तयार होता. त्यांत 'घरचें देणें' असा एक रकाना होता, आईवडील आणि काका-काकू यांच्या आजारपणाचा एक, आणि त्याच्या बायकोनें स्वतः घातलेला एक, ज्याचें नांव त्यानें आम्हांस सांगितलें नाहीं. एक कोटी वीस लाखांचे दोन कोटी दहा लाख झाले होते आणि पंचेचाळिसाचे पन्नास. काकूच्या गुडघ्यांसाठीं पुण्याच्या डॉक्टरांची वेळही त्यानें घेऊन ठेविली होती. पैशाचें कोणी बोलावयाचें नाहीं, अशी वर ताकीद. आम्हीं म्हटलें, पन्नास म्हणजे मनूच्या जवळपास आलास. एवढ्यांत सौभाग्यवतींनीं फोन आमच्या हातून काढून घेतला आणि मनूची तिसरी खूण, म्हणजे नातवंड, केव्हां दाखविणार तें विचारलें. तो रकाना अजून मांडलेला नाहीं, असें पलीकडून उत्तर आलें.