गाठ बाभळीशी आहे

सोयरीक जुळवताना माणसं पत्रिका पाहतात, पगार पाहतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करतात. लाकडाच्या बाबतीत यातली एकही सोय नाही. ओंडका बाहेरून पाहावा तर चांगला कर्तासवरता दिसतो. आत गाठ आहे, भेग आहे, की भुंग्यांनी चाळ थाटली आहे, हे करवत लागेपर्यंत कळत नाही. आणि करवत लागली म्हणजे अक्षता पडल्या! मग परत पाठवणी नाही.

आमच्या वाट्याला आलेला ओंडका बाभळीचा होता. पैठणकडच्या आमच्या शेताच्या बांधावरची ही बाभूळ वळवाच्या वादळात आडवी झाली. शेताची वाटणी होऊन बरीच वर्षं झाली. पण बांध दोघा भावांचा, म्हणून बाभूळही दोघांची. दादानं अर्धं खोड ठेवून घेतलं आणि उरलेल्यातला एक ओंडका टेंपोत घालून संभाजीनगरला आमच्या दारात पोचता केला. सोबत चिठ्ठी नाही, मागून फोन नाही. वाटणीनंतर आमचा व्यवहार साधारण असाच आहे. मालाची आवकजावक चालू, पत्रव्यवहार बंद.

सौ. म्हणाली, "अहो, दिवाळीनंतर आई आपल्याकडं येणार. त्यांना याचा एक वाडगा करून द्या. भाकरी ठेवायला होईल."

आमच्या कॉलनीत वाळूजच्या एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर उभे राहून निवृत्त झालेले एक काका आहेत. दूधवाल्यानं माप कमी दिलं तरी ते किती मायक्रॉन कमी दिलं ते सांगतात, म्हणून सगळे त्यांना मायक्रॉनकाका म्हणतात. निवृत्तीनंतर माणसं देवळात जाऊन बसतात. काकांनी जिन्याखाली जुना लेथ मांडला आणि लाकूड कातायला सुरुवात केली. "लोखंड नोकरीत असतं, सांगाल ते ऐकतं," ते म्हणतात, "लाकूड मात्र जावयासारखं. कधी फुगेल आणि कधी आकसेल, नेम नाही."

त्यांनी ओंडका मधोमध चिरला, गाभा काढून टाकला. भेगा बहुधा तिथूनच निघतात. मग जाडाभरडा वाडगा कातला, त्याला मेण फासलं आणि सहा महिने सावलीत ठेवून दिला. ओलं लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. गोल कातलेला वाडगा वाळून लंबगोल होतो. म्हणून आधी जाड कातायचा, वाळू द्यायचा आणि मग पुन्हा कातायचा. बँकेत यालाच प्रोबेशन म्हणतात.

प्रोबेशन संपलं तेव्हा वाडग्याच्या अंगी चार दोष निघाले. काठाच्या पांढऱ्या लाकडात किड्यांची बारीक भोकं होती. पोटाला रुपयाएवढी गाठ होती. काठापासून खाली अडीच इंच भेग गेली होती. आणि तळाशी एक निळा-काळा डाग होता, त्याच्या मधोमध गंजका खिळा.

खिळा मी ओळखला. अण्णा शेतात गेले की भाकरीचं फडकं त्या खिळ्याला टांगायचे, मुंग्या लागू नयेत म्हणून. तो ठोकला तेव्हा मी दुसरीत होतो आणि दादा खिळा धरून उभा होता. पुढं बाभळीनं हळूहळू खिळा गिळला. अण्णा गेले. आम्ही दोघं तो विसरलो. बाभूळ विसरली नाही.

वाडगा टेबलावर ठेवल्याबरोबर आमच्या घरी सल्लागार समिती बसली. सौ.चं मत असं, की लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून सगळीकडं लिंपावा, वरून पॉलिश, प्रश्न मिटला. चिरंजीवांनी मोबाइलवर भेगेत निळं इपॉक्सी ओतून नदी करतात ते दाखवलं. ज्या शेतात पाण्यासाठी तीन बोअर कोरडे गेले, तिथल्या बाभळीत नदी आणायची म्हणजे जरा जास्तच! वरच्या मजल्यावरच्या ताईंनी जपानी लोक फुटलेलं भांडं लाखेनं जोडून सांध्यावर सोन्याची भुकटी लावतात, ते सांगितलं. सोन्याचा आजचा भाव लक्षात घेता वाडग्यापेक्षा भेगच महाग पडली असती.

काकांचा सल्ला सरळ होता : "आणखी खाली कातून घेतो. सगळं साफ." मी हिशेब मांडला. भेग जाईपर्यंत अडीच इंच काठ गेला, डाग जाईपर्यंत तळ गेला, आणि हातात राहिली देव्हाऱ्यातली हळदीकुंकवाची वाटी. दोष शून्य, वाडगाही शून्य.

मी स्वतः रिझर्व्ह बँकेचे फाटक्या नोटांचे नियम लावून पाहिले. ५० रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असला तर पूर्ण रक्कम, ४० ते ८० असला तर निम्मी, त्याखाली काही नाही. त्या हिशेबानं आमच्या वाडग्याला कुठल्याही काउंटरवर पूर्ण पैसे मिळाले असते. पण हे मत समितीनं नोंदवूनसुद्धा घेतलं नाही.

खरं म्हणजे आमच्या गावाला या प्रश्नाची दोन्ही उत्तरं ठाऊक आहेत. एक बीबी का मकबऱ्याचं. आझमशहानं आईसाठी बांधला असं सांगतात. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे. (सात आणे लिहून ठेवणारा तो कारकून कोण होता, त्याला माझा नमस्कार.) संगमरवर भिंतीच्या खालच्या भागाला आणि घुमटाला, बाकी अंगाला गिलावा. म्हणजे सौ.ची पद्धत. दुसरं उत्तर अजिंठ्याच्या चौथ्या लेण्याचं. तिथला हा सर्वांत मोठा विहार. खडकातच दोष निघाला, तेव्हा कारागिरांनी छत आणखी वर खोदून तो काढायचा प्रयत्न केला, असं वॉल्टर स्पिंक यांनी मांडलं आहे. छतात लाव्हाचा ओघ आजही दिसतो. लेणं मात्र अपुरंच राहिलं. म्हणजे काकांची पद्धत.

शेवटी काकांनीच गाडी रुळावर आणली. म्हणाले, "दोष किती, हे मोजू नका. दोन प्रश्न विचारा. हलतो का? आणि वाढतो का?"

गाठ ठोकून पाहिली. घट्ट होती. ती ना हलणार, ना वाढणार. तिला कायम करण्यात आलं. पांढऱ्या लाकडात पिठूळपणा असतो आणि किडे त्यावरच जगतात, म्हणून तेवढी कडा कातून टाकली. भेग मात्र वाढणारी. लेथवर वाडगा गरगरत असताना ती उकलली तर अर्धा वाडगा कातणाऱ्याच्या तोंडावर. तिला थांबवणं भाग होतं. मला आजीची काठवट आठवली. तडकली तेव्हा आजीनं ती चुलीत घातली नाही. पत्र्याची पट्टी ठोकून पुढं वीस वर्षं तिच्यात पीठ मळलं. काकांनी भेगेत पातळ गोंद जिरवला, ती सुकू दिली आणि कातकाम उरकल्यावर तांब्याच्या तारेचे पाच टाके घातले. टाके लपत नव्हते. लपवायचेही नव्हते.

राहिला डाग. "ऑक्झॅलिक ॲसिडचा एक हात मारतो," काका म्हणाले, "डाग होता हे सांगूनही पटणार नाही."

इथं माझ्यातला कारकून जागा झाला. बाभळीत तुरटपणा भरपूर. त्याला लोखंड लागलं की निळं-काळं होतं. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करत, ती याच गुणानं काळी व्हायची. म्हणजे तो डाग नव्हताच, शाई होती. आणि लेजरातली नोंद खरवडून काढायची नसते. आकडा बदलायचा झाला तरी एकच सरळ रेघ मारतात, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला छोटी सही. ही तर नोंदही बरोबर होती. खातं मात्र जॉइंट होतं. एकट्याच्या सहीनं काही करता येत नव्हतं.

मी दादाला फोन लावला. आधी पाऊसपाणी झालं, मग कापसाचा भाव झाला. मग मी खिळ्याचं सांगितलं.

पलीकडं बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग दादा म्हणाला, "तेव्हा हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली होती. नख अजून वाकडंच आहे." थोडं थांबून म्हणाला, "डाग राहू दे. अन् खिळा फेकू नको. मी येतोच आईला घेऊन."

आजवर आईला गाडीत बसवून द्यायचा. या वेळी स्वतः आला.

जवसाच्या तेलानं वाडगा चांगला उजळला होता. आईनं तो मांडीवर घेतला. टाक्यांवरून बोट फिरवलं, गाठ पाहिली, त्यावर काहीच बोलली नाही. मग तळाशी डाग दिसला, मधलं खिळ्याचं भोक दिसलं. दादा आणि मी श्वास रोखून उभे.

आईनं वाडगा डोळ्यांजवळ नेला, तिरपा केला आणि म्हणाली,

"ह्यांनी खिळा वाकडाच ठोकला होता. मी तेव्हाच सांगितलं होतं."