न लिहिलेला खर्च

‘दादा, ह्यांचं रिटर्न भरलंय. मग माझे दीड हजार बंद होतील का?’

२०२५ च्या सप्टेंबरातली दुपार. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची धांदल सुरू झाली होती. भिवंडीच्या पद्मानगरात यंत्रमागांच्या कांड्या भरणारी एक बाई नवऱ्याचं आधार कार्ड मुठीत धरून माझ्यासमोर बसली होती. नवरा जॉबर. घरासाठी कर्ज हवं म्हणून बँकेने रिटर्न मागितलं, ते मीच भरून दिलं. कर शून्य. योजनेतून बाद होतो तो आयकर भरणारा. नुसतं रिटर्न भरणारा नव्हे. हे मी तिला समजावलं. ‘तुम्हाला कळतं हो, मशीनला कळंल का?’ ती म्हणाली. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तिच्यामागे एक यंत्रमाग कारखानदार विजेची दोन बिलं घेऊन बसले होते. माग अठ्ठेचाळीस, चोवीस स्वतःच्या नावावर, चोवीस धाकट्या भावाच्या. मधे भिंत नाही, मीटर मात्र दोन. याचं कारण २७ हॉर्सपॉवरची रेषा. (दरपत्रकातल्या २० किलोवॉटचाच हा हॉर्सपॉवरमधला अवतार.) २०२४ साली राज्य सरकारने या रेषेच्या आतल्या यंत्रमागांना युनिटमागे एक रुपया आणि वरच्यांना ७५ पैसे जादा सवलत जाहीर केली. आधीची सवलत वेगळी. एका मागाला साधारण एक हॉर्सपॉवर धरा, दिवसाचे वीस तास, महिन्याचे पंचवीस दिवस. चोवीस मागांचे नऊ हजार युनिट होतात. म्हणजे एका मीटरवर महिन्याला नऊ हजार रुपये जादा सवलत. सहा लाडक्या बहिणी एका मीटरमध्ये बसतात. कारखानदारांचा प्रश्न सवलत बंद होईल का, असा नव्हता. पुढच्या बिलात ती नीट लागेल ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

हे कारखानदार लबाड नाहीत. मजुरीवर विणणाऱ्याच्या हातात मीटरमागे काय उरतं, ते मी त्यांच्या ताळेबंदात दरवर्षी पाहतो. सवलत काढली तर यातले निम्मे माग भंगारात जातील. ती असावी, असंच माझं मत आहे. पण भिवंडीत अठ्ठावीस वर्षं सनदी लेखापाल म्हणून बसल्यावर एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सरकारी खर्चावर आपल्याकडे जो कडाक्याचा वाद होतो, तो फक्त स्वच्छ अक्षरात लिहिलेल्या खर्चावर होतो. जो खर्च लिहिलाच जात नाही, त्याला कोणी रेवडी म्हणत नाही.

१० मार्च २०२५ चा अर्थसंकल्प घ्या. तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेला एकूण आकडा सात लाख कोटींचा. महसुली तूट ४५,८९१ कोटी, कर्ज नऊ लाख कोटींच्या वर. आदल्या वर्षी ४६ हजार कोटींची म्हणून गाजलेली लाडकी बहीण या वेळी ३६ हजार कोटींवर आली. विरोधक म्हणाले, निवडणुकीत २१०० रुपये कबूल केले होते, त्यांचं काय? सत्ताधारी म्हणाले, योजना बंद होणार नाही. निवडणुकीत याच विरोधकांनी ३००० रुपये देऊ केले होते, ही आठवण त्या गदारोळात बुडाली. चॅनेलवाले महिनाभर त्या ३६ हजार कोटींभोवती फेर धरून होते. एकूण खर्चाचे ते सुमारे पाच टक्के. उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांवर किती तास चर्चा झाली?

पण निदान ते पंचाण्णव टक्के छापलेले तरी होते. भिवंडीची खरी वाढ झाली ती छापलेल्या पानाबाहेर.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कापड आमच्याकडे वळलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते विणायला जी वीज लागली, तिचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही. २००६ साली भिवंडीत विजेची तांत्रिक आणि वाणिज्यिक हानी ५८ टक्के होती. शंभर युनिट गावात यायचे आणि बेचाळीसचे पैसे महावितरणला मिळायचे. त्यातली काही हानी तारांमधली, हे कबूल. उरलेली तारांवर टाकलेल्या आकड्यांची, बंद मीटरांची आणि थकलेल्या बिलांची. माझ्या नजरेने पाहिलं तर ते यंत्रमागांना दिलेलं अनुदानच होतं, आणि फार मोठं. विधानसभेत ते कोणी मागितलं नाही, कोणी मंजूर केलं नाही, त्याला लाभार्थ्यांची यादी नव्हती. ज्याची ओळख मोठी, त्याचा वाटा मोठा. आकडा टाकायची हिंमत नसलेला चार मागांचा मालक प्रामाणिकपणे पूर्ण बिल भरायचा. २६ जानेवारी २००७ पासून महावितरणने वितरणाचं काम टोरंट या खासगी कंपनीकडे दिलं. देशातला हा अशा प्रकारचा पहिला प्रयोग. काही वर्षांत हानी विशीच्या आसपास आली. मोर्चे निघाले, बंद झाले, आजही त्या नावाने शिव्या देणारे भेटतात. त्या रागाकडे मी नेहमी सवलत गेल्याचा राग म्हणून पाहिलं आहे. सवलत नावानिशी दिलेली नसली तरी जाताना दुखतेच.

तसंच गोदामांचं. अंजूर फाट्यावरून काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, माणकोलीकडे जा, पत्र्याची छपरं संपत नाहीत. बाहेरचे लोक याला लॉजिस्टिक्सची क्रांती म्हणतात. मूळ गोष्ट साधी आहे. मुंबईच्या वेशीवर जकात होती, भिवंडी पालिकेच्या हद्दीतही होती आणि ही गावं दोन्हींच्या बाहेर ग्रामपंचायतीत. माल मुंबईत विकायचा असला तरी विकेपर्यंत ठेवायचा इथे, म्हणजे जकातीचे पैसे आधीच अडकत नाहीत. सरकारने एक पैसाही खर्च न करता, नकाशावरच्या दोन रेषांमधून एक उद्योग उभा राहिला. त्या साठ गावांच्या नियोजनासाठी एमएमआरडीए नेमली गेली २००७ मध्ये, तोवर बरीच गोदामं परवानगीची वाट न पाहता उभी होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामं ओस पडतील असं भाकीत करणाऱ्यांत मीही होतो. झालं उलटंच. राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवायची गरज संपली आणि कंपन्यांनी मोठी गोदामं इथेच घेतली. तो अंदाज चुकला म्हणून अजून मित्र चिडवतात.

जीएसटीनेच न लिहिलेल्या खर्चाची दुसरी बाजूही दाखवली: न लिहिलेला कर. कृत्रिम सुतावर आधी १८ आणि मग १२ टक्के, कापडावर ५. भरलेला जादा कर खात्यात साठत गेला, पण कापडापुरता परतावा नाही. २०१८ च्या जुलैत सरकारने सांगितलं, १ ऑगस्टपासून परतावा मिळेल, मात्र ३१ जुलैपर्यंत साठलेलं क्रेडिट गेलं समजा. अधिसूचनेच्या एका ओळीत लोकांचे पैसे पुसले गेले. २०१९ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. तोवर माझ्या काही अशिलांनी माग विकले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सूतही ५ टक्क्यांवर आलं. चांगलं झालं. आठ वर्षं लागली.

लिहिलेला खर्च किती बारीक असतो, हेही पाहिलंय. १ एप्रिल २०१७ ला केंद्राची ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना भिवंडीतच सुरू झाली. तेव्हाच्या वस्त्रोद्योगमंत्री स्मृती इराणी आल्या होत्या. तीन वर्षांसाठी ४८७ कोटी. देशात माग सुमारे २५ लाख. भागून पाहिलं: मागामागे तीन वर्षांत १,९४८ रुपये. जुना साधा माग सुधारून घेतला तर निम्मा खर्च, तोही ठरावीक मर्यादेपर्यंत. फॉर्म भरताना कारखानदार विचारायचे, ‘साहब, इतने में क्या होगा?’

लिहिलेला खर्च धाडसीही असू शकतो. मला आर्थिक नेतृत्व म्हटलं की अर्थसंकल्पातलं भाषण आठवत नाही, फेब्रुवारीतले तीनशे रुपये आठवतात. पगारदाराचा व्यवसाय कर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. तो कापताना लोक कुरकुरतात. तो कशासाठी सुरू झाला, हे बहुतेकांना माहीत नसतं. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी करायची होती. पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर हा कर बसवला, आणि जितका गोळा होईल तितकीच भर सरकारने घालायची असं ठरलं. खर्च लिहिला, त्याच्याशेजारी तो कोणाच्या खिशातून येणार तेही लिहिलं. ज्यांच्याकडून घ्यायचं, त्यांच्या तोंडावर सांगून घेतलं. असं धाडस मला त्यानंतर फारसं दिसलं नाही. ३६ हजार कोटींशेजारी तसा रकाना असता, तर मी त्या योजनेच्या बाजूने भांडलो असतो. विजेच्या सवलतीशेजारीही तो हवा.

आणि आमची महापालिका? २०११ च्या जनगणनेत सात लाखांची असलेली ही नगरी. २०१७ मध्ये ९० पैकी ४७ जागा एका पक्षाला मिळाल्या आणि २०१९ च्या डिसेंबरात महापौरपद गेलं चार नगरसेवकांच्या आघाडीकडे. तरी तेव्हा सभागृहात आरडाओरडा तरी व्हायचा. २०२२ मध्ये मुदत संपली, प्रशासक आले. कायद्याप्रमाणे आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, तिथून ते महासभेत जातं. प्रशासकाच्या राजवटीत हे सगळं एकाच टेबलावर उरकतं. मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच. यात कुणा अधिकाऱ्याचा दोष नाही, व्यवस्थाच तशी आहे. पण कामवारी नदीत काय सोडलं जातं, कुठला रस्ता दरवर्षी नव्याने होतो, हे विचारायला तीन वर्षं अधिकृत असं कोणी नव्हतं.

मग सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीसाठी २०२६ च्या जानेवारीअखेरची मुदत दिली. वंजारपट्टी नाक्यावर इच्छुकांचे फलक लागले. त्यातले एक तेव्हा मालमत्तेच्या विवरणाबद्दल विचारायला आले होते. निघताना मी त्यांना पालिकेच्या अंदाजपत्रकाची प्रत दिली. उभ्या उभ्याच त्यांनी पानं चाळली, मागून पुढे, पुढून मागे.

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘यात आपला वॉर्ड कुठे आहे?’