अण्णांचा शिकंजा विकू नकोस

चि. मधुरा,


अण्णांचा पुस्तकबांधणीचा मळसूत्री शिकंजा हॉटेलात शोभेसाठी मागणारं गिऱ्हाईक आलंय, असं कळलं. पैसे मिळतील, गिरगावातल्या खोलीत जागाही होईल. तरी विकू नकोस. ते अवजार अजून कामाचं आहे.

१५५६ साली गोव्यात छापखाना उतरला, तेव्हा छपाई अशाच मळसूत्राच्या दाबावर चालायची. एकोणिसाव्या शतकात तरफेचे लोखंडी छापखाने आले, मग सिलिंडरचे, आणि छपाईतून मळसूत्र गेलं. बांधणीत ते टिकलं, कारण छपाईला दाब क्षणभर लागतो, बांधणीला रात्रभर.

परळ-लालबागच्या छोट्या कारखान्यांतला फ्लाय प्रेस तू पाहिला असशील. त्याच्या आट्यांना चढ जास्त. दांडी हिसकली की डाय सपकन खाली येऊन पत्रा कापते आणि तशीच वर जाते. शिकंज्याचे आटे जवळजवळ. चाकाच्या अख्ख्या फेऱ्याला पाट जेमतेम दोन-तीन सूत उतरतो, म्हणून हाताचा जोर कितीतरी पटींनी वाढतो. शिवाय आट्यांतलं घर्षण मळसूत्राला उलटं फिरू देत नाही. हात काढला तरी दाब राहतो.

हा धरून ठेवलेला दाबच पुस्तकाला हवा असतो. खळीतलं पाणी पिऊन कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला वाकवतो. आपल्याकडे पावसाळ्यात खळ एका रात्रीत वाळतच नाही. अण्णा तेव्हा पुस्तक दोन रात्री फळ्यांत ठेवत आणि मधले टिपकागद बदलत. घाईने काढलेलं पुस्तक आठवड्यात पाठ वळवतं, हे त्यांचं अगदी खरं होतं. खळीत ते मोरचूद घालत, ते मात्र तू टाळ. तांबं पुढे कागदालाच खातं.

पुस्तक पाटाच्या बरोबर मध्ये ठेव, कडेला ठेवलंस तर आटे एका अंगाने झिजतील. आधी हलका दाब दे, खळ जरा बसली की मग आवळ.

आजची डिंकावर चिकटवलेली पुस्तकं पानं टाकतात, आणि जुजबंदी शिवणारे हात आता कमी उरलेत. तुला ती शिलाई येते. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ सालची. अशा जुन्या ग्रंथालयांतल्या आणि घरोघरच्या मराठी पुस्तकांना तुझ्यासारखी माणसं हवी आहेत. म्हणून मी इतक्या आग्रहाने लिहितेय.

फळ्या सागाच्या करून घे, आट्यांना ग्रीस लाव. आईच्या ज्ञानेश्वरीचे फर्मे सुटलेत, ती पुढच्या आठवड्यात पाठवते. पहिलं काम तेच घे.

तुझी,
आत्या