शिबपूरच्या बागेतील कुंभा

कलकत्त्यास, म्हणजे आताच्या कोलकात्यास, जाऊन आलेल्या मनुष्यास लोक हटकून विचारतात, ‘व्हिक्टोरिया मेमोरियल पाहिले काय? हावड्याचा पूल पाहिला काय?’ गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या शाळेतील अठरा मुलामुलींना घेऊन आम्ही त्या शहरी गेलो, तेव्हा ही दोन्ही स्थळे पाहिलीच. परंतु आमचे चित्त खरे गुंतले ते हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, हावड्याच्या अंगास असलेल्या शिबपूरच्या वनस्पति-उद्यानात. या उद्यानास २००९ साली आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. त्याचा विस्तार सुमारे २७० एकर असून एका दिवसात ते सारे पाहू म्हणणे व्यर्थ होय.

ही बाग ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील कर्नल रॉबर्ट किड यांनी १७८७ साली स्थापन केली. १७७० च्या घोर दुष्काळात बंगालात अपरिमित मनुष्यहानी झाली होती. साबुदाण्याचा ताड, खजूर अशी अन्न देणारी झाडे या देशात रुजवावी, म्हणजे पुन्हा तसा प्रसंग ओढवणार नाही, असे किडसाहेबांचे म्हणणे होते. कंपनीस मसाल्याची झाडे आणि जहाजांसाठी सागवान हवे होते, हेही सांगितले पाहिजे. भूतदया आणि व्यापार ही दोन्ही बीजे एकाच वाफ्यात पडली होती, आणि कोणते अधिक फोफावले हे इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस निराळे सांगावयास नको. चीनमधून आणलेल्या बियांची चहाची रोपे १८३०-४० च्या सुमारास याच बागेत वाढवून आसाम व कुमाऊंकडे धाडण्यात आली.

सर्व प्रवासी प्रथम ज्याच्याकडे धाव घेतात तो महावटवृक्ष आम्हीही पाहिला. तो बागेहून वयाने मोठा, अडीचशे वर्षांच्या वरचा आहे. मुलांनी आधी त्याचे मूळ खोड शोधावयास आरंभ केला आणि बराच वेळ त्यांची मोठी गंमत झाली. कारण ते खोड आता नाहीच! १८६४ व १८६७ च्या वादळांत झाडास इजा झाली, पुढे बुरशी लागून खोड कुजले, आणि १९२५ साली ते कापून काढावे लागले. तरी तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर तो वृक्ष चार एकरांहून जास्त भूमी व्यापून उभा आहे. त्याच्याभोवती पूर्वी ३३० मीटर लांबीचा रस्ता बांधला होता, तोही ओलांडून झाड पलीकडे गेले. २०२० च्या मे महिन्यातील अंफान वादळाने बागेतील पुष्कळ झाडे उन्मळून टाकली व या वडाच्याही अनेक पारंब्या मोडल्या. मुलांनी येथे मोबाइलवर इतकी छायाचित्रे घेतली की वडाकडे नुसत्या डोळ्यांनी कोणी पाहिले की नाही, याची आम्हांस शंका आहे.

त्यानंतर ज्याचे एक पान दुसऱ्यासारखे नसते असे ‘वेडे झाड’ पाहिले, नानाविध ताड पाहिले. मुले दमली, शिदोरी सुटली. आणि ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ती गोष्ट घडली ती या फराळानंतर.

वाटेच्या कडेला, कोणीही थांबून पाहू नये असे एक झाड होते. उंची बेताची, साल भेगाळलेली, पाने मोठी व फांद्यांच्या टोकांशी दाटलेली. त्यांतील काही तांबूस होऊ लागली होती. एका मुलाने त्याच्या पाटीवरील लॅटिन नाव अडखळत वाचले, ‘केरीया आर्बोरिया’, आणि ‘सर, याला कैऱ्या येतात काय?’ असे पुसून सर्वांस हसविले. तोच मागून आवाज आला, ‘हा कुंभा आहे. आमच्या डोंगरात आहे.’

बोलणारा मुलगा आमच्या वसतिगृहातील, कोकणच्या घाटाखालच्या एका वाडीचा. वर्गात तो आपण होऊन कधी तोंड उघडत नाही. त्याने सांगितले की, कुंभ्याचे फूल रात्री उमलते व सकाळी झाडाखाली पांढऱ्या पाकळ्यांचा आणि गुलाबी केसरांचा सडा पडतो. त्याचा वास काही चांगला नसतो. थंडीच्या अखेरीस पाने लाल होऊन गळतात. सालीच्या वाखाचा दोर होतो. हे त्यास कोणी शिकविले, असे विचारता तो म्हणाला, ‘आजीने.’ शहरातली मुले, जी त्यास कधी खेळात घेत नसत, ती त्याच्याभोवती गोळा झाली आणि पुढच्या प्रत्येक झाडापाशी, ‘हे कोणते रे?’ असे त्यालाच विचारू लागली. काही झाडे त्यास ओळखता आली, बहुतेक आली नाहीत. तरी त्या दुपारी त्याच्या चेहऱ्यावर जे तेज होते ते आम्ही पूर्वी पाहिले नव्हते.

इतक्यात एका मुलीने विचारले, ‘पाटीवरचे केरी म्हणजे आपले विल्यम केरी का?’ होय, तेच! जोडे शिवून पोट भरणारे केरीसाहेब १७९३ साली बंगालात आले, आणि त्याच वर्षी विल्यम रॉक्सबर्ग या बागेचे अधिकारी झाले. दोघांचा स्नेह जमला आणि रॉक्सबर्ग यांनी कुंभ्याच्या कुळास आपल्या मित्राचे नाव दिले. श्रीरामपूर येथे केरींची स्वतःची बाग होती. इंग्लंडहून आलेल्या बियांच्या पिशवीतील उरलीसुरली माती त्यांनी एका सावलीच्या कोपऱ्यात झटकली असता तेथे त्यांच्या मायदेशीचे डेझीचे फूल उगवले, तेव्हा त्यांस लहान मुलासारखा आनंद झाला. १८२३ च्या पुरात ती बाग वाहून गेली. त्यांनी ती पुन्हा लावली. रॉक्सबर्ग आजारी होऊन १८१३ मध्ये परतले, तेव्हा त्यांनी केलेली शिबपूरच्या सुमारे साडेतीन हजार वनस्पतींची यादी पुढच्याच वर्षी केरींनी छापून काढली, आणि मित्राच्या मृत्यूनंतर त्याचा ‘फ्लोरा इंडिका’ हा ग्रंथही प्रसिद्ध केला.

आपण मराठी लोक त्यांना ओळखतो ते १८०५ चे मराठी व्याकरण, १८१० चा मोडी अक्षरांतील कोश आणि १८११ चा मराठी नवा करार यांमुळे. महाराष्ट्राची भूमी ज्यांनी कधी पाहिली नाही, त्यांनी आमची भाषा कोणापाशी शिकली? वैजनाथ पंडितांपाशी. पंडितांचे नाव निदान उरले तरी. रॉक्सबर्ग यांनी हिंदी चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक चित्रे काढविली. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. संस्कृत, बंगाली, तेलुगू अशी झाडांची देशी नावेही रॉक्सबर्ग यांनी आपल्या ग्रंथात जागोजाग टिपली. ती त्यांस ज्या माळ्यांनी व लाकूडतोड्यांनी सांगितली असतील, त्यांच्या पाट्या बागेत कोठेही नाहीत. पवित्र शास्त्रात आदामाने प्राण्यांस नावे ठेवल्याचे सांगितले आहे. झाडांची नावे बहुधा आज्यांनीच ठेवली असावीत!

परत आल्यावर त्या कोकणच्या मुलास पुढे करून आम्ही शाळेच्या आवारातील झाडांची मराठी नावांची यादी करावयास घेतली आहे. बकुळ, शिवण, पांगारा, कांचन अशी सव्वीस नावे आजवर मिळाली. यांपैकी अकरा शिक्षकांनी सांगितली. उरलेली मुलांनी घरी, बाजारात व बसथांब्यावर वडीलधाऱ्यांस विचारून आणली. एका झाडाचे नाव मात्र अद्याप कोणी सांगितलेले नाही. ते जुन्या विहिरीपाशी, दगडी पायरीच्या उजव्या बाजूस आहे. साल राखेच्या रंगाची, पान आंब्याच्या पानाहून रुंद, आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्यास बारीक पिवळसर फुले येतात. ज्या पालकांच्या ते ओळखीचे असेल त्यांनी त्याचे नाव, आणि ते नाव आपणांस प्रथम कोणी सांगितले तेही, कागदावर लिहून आपल्या पाल्याच्या हाती पाठवावे.