खालचा कागद

मी जुन्या घरांच्या फेरबदलाची ड्रॉइंग करते. नवी इमारत उभी करणं हे माझं काम नाही. लोक राहत असलेल्या घरातली एखादी भिंत सरकवायची, ओटा फिरवायचा, न्हाणीघर मोठं करायचं, असलं माझं काम. यात मला जे थोडंफार जमतं त्याच्या मुळाशी एक साधी सवय आहे. जुन्या घराचा नकाशा खाली ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही आणि नवं सगळं त्याच्यावर काढायचं. सॉफ्टवेअरच्या भाषेत या खालच्या नकाशाला रेफरन्स लेयर म्हणतात. ही सवय मला लावली आमच्या ऑफिसातल्या एका वयस्क ड्राफ्ट्समननी, आणि ती लावून घ्यायची अक्कल आली एका काकूंच्या घराचं नुकसान केल्यावर. दोघांचंही देणं माझ्यावर आहे.

२००१ साली इंटिरिअर डिझाइनचा डिप्लोमा घेऊन मी सांगलीहून पुण्याला आले आणि एका लहानशा ऑफिसात लागले. तिथे दोन कॉम्प्युटर होते, दोन्हींवर ऑटोकॅड. कमांड मला तोंडपाठ होत्या, हात भराभर चालायचा आणि त्याचा ताठाही होता. कोपऱ्यातल्या ड्रॉइंग बोर्डवर नाना बसायचे. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, साहेबांच्या ओळखीने अर्धा दिवस येणारे. ट्रेसिंग पेपर, गुण्या, रॉटरिंगचं पेन, आणि चूक झाली की ब्लेडच्या पात्याने शाई हलक्या हाताने खरवडायची. एक रेघ काढून टाकायला त्यांना पाच मिनिटं लागत, मला एक कळ पुरे. मला त्यांची कीव यायची. हे लिहितानाही लाज वाटते.

२००३ मध्ये साहेबांनी मला पहिलं स्वतंत्र काम दिलं. कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. काकू निवृत्त शिक्षिका होत्या. काकांचे गुडघे गेले होते, म्हणून शेजारीशेजारी असलेलं संडास आणि न्हाणीघर एक करून मोकळी जागा करायची होती. मी टेप घेऊन घर मोजलं, नकाशा काढला आणि त्याच फाईलमध्ये फेरबदल सुरू केले. मधली भिंत पुसली. पहिल्या पर्यायात बेडरूमच्या बाजूची भिंतही नऊ इंच सरकवली. काकूंना दुसरा पर्याय आवडला, त्यात ती भिंत जागची हलणार नव्हती. मी ती परत आणून ठेवली, पण अंदाजाने. आधीच्या फाईलवरच प्रत्येक वेळी सेव्ह केलेलं असल्यामुळे ती मुळात कुठे होती हे सांगणारं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मापं टिपलेला कागद कॉम्प्युटरवर उतरवल्यावर मी टाकून दिला होता.

नकाशा गवंड्याला दिल्यावर चार दिवसांनी काकूंचा फोन आला. मी पोचले तेव्हा बेडरूमची भिंत छातीएवढी फुटलेली होती आणि जमिनीवर पाणी होतं. गवंड्याने कागद पुढे केला. "ताई, यात न्हाणीघर पाच फूट तीन इंच आहे, जागेवर चार फूट साडेदहा भरतं. म्हणजे भिंत मागे घ्यायची, असंच ना?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं. कुठली भिंत जुनी, कुठली नवी, कुठली तोडायची हे माझ्या नकाशात कुठेच नव्हतं. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या, एकाच रंगाच्या. त्या भिंतीतून गच्चीवरच्या टाकीची लाइन खाली गेली होती. गंजलेला जीआय पाइप छिन्नीच्या पहिल्या घावालाच फुटला. खालच्या दोन घरांना दोन दिवस पाणी नव्हतं आणि एकाच्या छताला ओल आली.

काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, आमचं घर आधी कसं होतं ते तुझ्याकडे कुठेतरी काढलेलं असेल ना? त्यावरून बघ की." माझ्याकडे ते नव्हतं. शेवटी छतावर उरलेली भिंतीची खूण आणि फरशी जिथे थांबली होती ती कड, यांवरून जागा ठरवली. टेपचं दुसरं टोक काकूंनी धरलं होतं. दुरुस्तीचे पैसे साहेबांनी भरले आणि मला कामावरून काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी नानांनी मला बोर्डपाशी बोलावलं. झालं ते त्यांनी विचारलं नाही, त्यांना कळलेलं होतंच. एका जुन्या बंगल्याचा अमोनिया प्रिंट त्यांनी बोर्डवर चिकटवला आणि त्यावर ट्रेसिंग पेपर पसरला. म्हणाले, "पोरी, खालच्या कागदावर पेन टेकवायचं नाही. ते लोकांचं घर आहे. वरचा कागद आपला, त्यावर वाटेल ते कर, फाड, दुसरा घे." मग त्यांनी पिवळी आणि लाल अशा दोन पेन्सिली काढल्या. महापालिकेला सादर करायच्या नकाशात पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांनी आणि नवं बांधकाम लाल रंगाने दाखवतात, हे मी डिप्लोम्याच्या परीक्षेत लिहिलं होतं. ते कशासाठी, हे त्या दिवशी कळलं. कागद वाचणाऱ्या गवंड्याला काय राहणार, काय जाणार आणि काय येणार, या तीन गोष्टी न विचारता समजल्या पाहिजेत.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वरचा कागद अंगठ्याएवढा सरकला तरी सगळं चुकतं, म्हणून ते जिन्याजवळच्या दोन कॉलमच्या कोपऱ्यांवर दोन टाचण्या आरपार टोचत. कागद काढून परत ठेवला तरी टाचण्या त्याच भोकांतून गेल्या पाहिजेत. "एका टाचणीवर कागद फिरतो," ते म्हणाले, "दोन लागतात."

हेच कॉम्प्युटरवर कसं करायचं ते मी त्या आठवड्यात शोधलं. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. एक ड्रॉइंग दुसऱ्याच्या खाली जोडायची एक्स्टर्नल रेफरन्सची सोय ऑटोकॅडमध्ये १९९० पासून होती. मला ती कमांड येतही होती, गरज मात्र कधी वाटली नव्हती. जुन्या घराची फाईल वेगळी ठेवायची आणि नव्या फाईलमध्ये ती रेफरन्स म्हणून जोडायची. खालच्या भिंती दिसतात, त्यांचे कोपरे पकडून नव्या रेघा काढता येतात, पण चुकूनही त्यातली एखादी भिंत पुसली जात नाही. जुन्या मापात चूक सापडली तर मूळ फाईल एकदा सुधारायची, की तिच्यावर बेतलेल्या सगळ्या पर्यायांत ती सुधारते. खालच्या रेघा मी करड्या केल्या, तोडायच्या भिंती पिवळ्या, नव्या लाल. नानांना दाखवलं. त्यांनी माऊसला हात लावला नाही, स्क्रीनकडे बघत फक्त विचारलं, "टाचण्या कुठे आहेत?"

टाचण्या नव्हत्या. खालचा मजला मी एका कोपऱ्यावरून बेतला होता, वरचा दुसऱ्याच. तेव्हापासून प्रत्येक मजल्याचा शून्य बिंदू जिन्याजवळच्या एकाच कॉलमचा कोपरा असतो, आणि दुसऱ्या कॉलमवरून तो पडताळल्याशिवाय मी पहिली भिंत काढत नाही.

शिकल्यावरही चुका थांबल्या नाहीत. एकदा प्रिंटच्या दुकानात मी फक्त नव्या नकाशाची फाईल दिली, खालची द्यायची विसरले. रेफरन्स जोडलेला असतो, आत सामावलेला नसतो. प्रिंट आला तो मोठ्या कोऱ्या कागदावर तरंगणाऱ्या चार लाल भिंतींचा. तो हातात धरून मी दुकानातच हसले, पण घरी येताना वाटलं की कोथरूडच्या गवंड्याला मी याहून वाईट कागद दिला होता. या कागदावर काहीतरी नाही हे निदान दिसत तरी होतं.

पुढे मुलं लहान असताना मी घरून काम घेऊ लागले. तिकडच्या घरांचे फेरबदल करणाऱ्या अमेरिकन लोकांसाठी ड्रॉइंग करायची होती. ते चीफ आर्किटेक्ट वापरत, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या कंपनीचं घरं आखण्याचं सॉफ्टवेअर. भिंती विटांच्या नव्हत्या, लाकडी चौकटीच्या होत्या. दोन बाय चार म्हणतात ते लाकूड प्रत्यक्षात साडेतीन इंच भरतं, दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड धरला की भिंत साडेचार इंचांची होते. आपली अर्ध्या विटेची भिंतही साडेचारच. हा आकडा पाहिला की मला कोथरूड आठवायचं. चीफ आर्किटेक्टमध्ये जुन्या घराचा नकाशा आधी काढून बाजूला ठेवायचा, त्याची प्रत करून तिच्यात फेरबदल करायचे आणि मूळ नकाशा वेगळ्या रंगात खाली दिसत ठेवायचा, अशी रीत होती. काम समजावणाऱ्याने मला विचारलं, हे जमेल ना? जमणारच होतं. मी ते ट्रेसिंग पेपरवर शिकले होते.

या सवयीने माझं स्वतःचं घरही सांभाळलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं. ओसरल्यावर गिलावा खरवडायचाच होता, तेव्हा बाबा म्हणाले, मधली भिंत काढून दोन खोल्यांची एक करू. मलाही ते आवडलं. घर लोडबेअरिंगचं आहे, कॉलम नाहीत. मी दोन्ही मजले मोजले आणि तळमजल्यावर काम करताना वरचा मजला रेफरन्स म्हणून दाखवला. वरच्या खोलीची नऊ इंची भिंत बरोबर त्या मधल्या भिंतीवर उभी होती. वर्षानुवर्षं त्या घरात राहून आम्हा कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी भिंत काढू दिली नाही, वर बीम घालून तीन फुटांची वाट तेवढी पाडू दिली.

अर्थात खालच्या लेयरमध्ये तेवढंच दिसतं जेवढं आपण मोजून घातलेलं असतं. भिंतीतला पाइप टेपने मोजता येत नाही, तो विचारावा लागतो. म्हणून घर मोजायला गेले की मी आधी घरातल्या मोठ्या माणसांपाशी बसते. पाण्याची लाइन कुठून येते, मीटर कुठे होता, एखादं दार कधी बुजवलं का, हे विचारते आणि त्याचा एक वेगळा लेयर करते. जुन्या घरात काटकोन गृहीत न धरता प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजते. हेही नानांचंच.

नाना आता नाहीत. त्यांना मी कधी नीट धन्यवाद दिले नाहीत, आणि काकूंची माफी मागितली ती घाईघाईत, ओल्या फरशीवर उभी राहून. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना पहिले चार दिवस मी नवं काहीही काढू देत नाही. आहे ते घर मोजायचं, काढायचं आणि लॉक करायचं. त्यांना कंटाळा येतो. मला त्याचं वाईट वाटत नाही.

२००३ नंतर केलेल्या प्रत्येक घराच्या फोल्डरमध्ये पहिली फाईल ‘जुनं घर’ या नावाची आहे. काकूंच्या घराच्या फोल्डरमध्ये मात्र एकच फाईल आहे. तिच्यात न्हाणीघराची भिंत अजून साडेचार इंच चुकलेली आहे. ती मी दुरुस्त केलेली नाही.